गाय ब्रॅडली

गाय मॉरेल ब्रॅडली (२५ एप्रिल १८७० – ८ जुलै १९०५) हे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या एव्हरग्लेड्स या उपोष्णकटिबंधीय पाणथळ प्रदेशातील वाटाडे आणि पक्षिरक्षक होते. पक्ष्यांच्या बेकायदा शिकारीला आळा घालताना त्यांची हत्या झाली.

पूर्वायुष्य

ब्रॅडली यांचा जन्म शिकागो येथे झाला. त्यांच्या लहानपणीच कुटुंब फ्लोरिडात स्थायिक झाले. १८८५ मध्ये, पंधरा वर्षांचे असताना, ते आणि त्यांचे थोरले बंधू लुईस पिसांचे फ्रेंच व्यापारी शेव्हेलिए यांच्यासोबत की वेस्टच्या बाजूला शिकारीच्या सफरीवर गेले. या एका सफरीत ३६ जातींचे १,३९७ पक्षी मारले गेले. पुढे ब्रॅडली स्वतःही पिसांसाठी शिकार करीत. दलदलीतील आडवाटा, भरती-ओहोटीच्या वेळा आणि बगळ्यांची सारंगागारे यांचे त्यांचे ज्ञान या काळातले आहे, हे त्यांच्या चरित्रात विसरून चालत नाही.

पिसांचा व्यापार

त्या काळी स्त्रियांच्या टोप्यांवर बगळ्यांची पिसे लावण्याची प्रथा होती. बगळ्यांच्या पाठीवरील तलम, झुपकेदार पिसे विणीच्या हंगामातच येतात. त्यामुळे शिकारी नेमके घरट्यांवरचे पक्षी टिपत. आईबाप मेल्यावर पिल्ले उपासमारीने मरत आणि एका हंगामात संपूर्ण वसाहत नष्ट होई. १९०३ च्या सुमारास या पिसांना औंसाला ३२ डॉलरपर्यंत, म्हणजे सोन्याहून अधिक भाव मिळत असे.

पक्षिरक्षक

१९०१ मध्ये फ्लोरिडात पक्षिसंरक्षणाचा कायदा झाला, परंतु तो राबविण्यास शासनाकडे माणसे नव्हती. तेव्हा १९०२ मध्ये ऑडुबॉन चळवळीच्या पुढाकाराने अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ संघाने ब्रॅडली यांना मन्‍रो परगण्याचे रक्षक नेमले. वेतन महिना ३५ डॉलर होते. औंसभर पिसांची किंमत जवळपास तेवढीच होती, यावरून शिकाऱ्यांना या कामातून परावृत्त करणे किती अवघड होते हे ध्यानात येते. टेन थाउजंड आयलंड्सपासून की वेस्टपर्यंतच्या विस्तीर्ण टापूत ते होडीने गस्त घालत, सूचनाफलक लावत आणि वस्त्यांवर जाऊन कायदा समजावून सांगत.

पक्षी पाहण्यासाठी येणाऱ्यांना वाट दाखविण्याचे कामही त्यांनी केले. १९०३ मध्ये धर्मोपदेशक व छायाचित्रकार हर्बर्ट जॉब आणि पक्षिशास्त्रज्ञ आर्थर क्लीव्हलंड बेंट यांना त्यांनी केप सेबल परिसर व कथबर्ट सरोवरातील सारंगागार दाखविले. खारफुटीच्या एका बेटावर बगळे, पाणकावळे आणि गुलाबी चमचे येथे एकत्र विणीला येत. जॉब यांच्या छायाचित्रांमुळे हे दुर्गम स्थळ बाहेरच्या वाचकांना प्रथमच दिसले. पुढे ब्रॅडली दूर असताना शिकाऱ्यांनी हेच सारंगागार साफ केले. एवढ्या मोठ्या टापूवर एकट्या माणसाने लक्ष ठेवणे अशक्यच होते.

मृत्यू

८ जुलै १९०५ रोजी सकाळी फ्लेमिंगो येथील घरी असताना ब्रॅडली यांना ऑयस्टर कीज बेटांकडून गोळ्यांचे आवाज ऐकू आले. ते लहान होडीने एकटेच तेथे गेले. वॉल्टर स्मिथ याची मुले पक्षी मारून गलबतावर नेत होती. यांपैकी थोरल्याला ब्रॅडली यांनी पूर्वीही अटक केली होती. त्यांनी पुन्हा अटकेचा आग्रह धरताच स्मिथने त्यांच्यावर गोळी झाडली. वाहत गेलेल्या होडीत त्यांचा मृतदेह दुसऱ्या दिवशी सापडला.

स्मिथ की वेस्ट येथे स्वतःहून हजर झाला. प्रथम ब्रॅडली यांनीच गोळी झाडली, असा त्याचा दावा होता; ब्रॅडली यांच्या पिस्तुलातून मात्र एकही गोळी सुटलेली नव्हती. जामिनाचे ५,००० डॉलर भरता न आल्याने तो सुमारे पाच महिने तुरुंगात राहिला. अखेर ज्युरीने आरोप निश्चित न केल्याने खटला उभाच राहिला नाही. ब्रॅडली यांच्या मागे पत्नी आणि दोन मुले होती. ऑडुबॉन संस्थेने वर्गणी जमवून त्या कुटुंबाला की वेस्ट येथे घर घेऊन दिले.

परिणाम व स्मृती

या हत्येची वृत्तपत्रांतून मोठी चर्चा झाली. १९०८ मध्ये आणखी दोन रक्षकांचे बळी गेले. अखेर १९१० मध्ये टोप्यांच्या व्यवसायाचे केंद्र असलेल्या न्यू यॉर्क राज्याने पिसांच्या विक्रीवर निर्बंध घातले. ब्रॅडली यांचा टापू १९४७ मध्ये एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात आला. आज फ्लेमिंगोहून मार्गदर्शकांसह नौकासफरी निघतात व पर्यटकांना मगरी, मॅनेटी आणि बगळे दिसतात. तेथील एका पायवाटेला ब्रॅडली यांचे नाव आहे. केप सेबलच्या किनाऱ्यावरील त्यांची कबर मात्र १९६० च्या डोना चक्रीवादळात वाहून गेली.