विश्लेषण : नोकरीवरून काढलेला मुलगा २७व्या वर्षी आलिशान हॉटेलचा व्यवस्थापक कसा झाला? कोण होते सीझर रिट्झ?

नागपुरातील सदरमध्ये एखाद्या मोठ्या हॉटेलात खोली घेतली, की लागून बाथरूम, उशाशी दिवा आणि हाताशी फोन असणार, हे आपण गृहीत धरतो. हॉटेलचा हा साचा घडवणाऱ्यांत सीझर रिट्झ यांचे नाव आघाडीवर आहे. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील एका आलिशान हॉटेलची सूत्रे रिट्झ यांच्याकडे आली. तेव्हा ते २७ वर्षांचे होते.

सुरुवात कशी झाली?

रिट्झ यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८५० रोजी नीडरवाल्ड या स्विस डोंगरी खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. भावंडांत ते १३वे. किशोरवयात ते ब्रिग गावातील हॉटेलात वाइन वाढण्याचे काम शिकू लागले. मात्र हा व्यवसाय याला जमणार नाही, असे ठरवून मालकाने त्यांना काढून टाकले. १८६७ मध्ये जागतिक प्रदर्शनामुळे पॅरिसमध्ये कामगारांची गरज होती. रिट्झ तिथे पोहोचले आणि हलकीसलकी कामे करत नामांकित रेस्टॉरंटमध्ये वेटर झाले. कोणत्या पाहुण्याला काय आवडते, हे लक्षात ठेवण्याची सवय त्यांना तिथेच लागली.

इतक्या कमी वयात व्यवस्थापकपद कसे मिळाले?

पुढे ते रिगी पर्वतावरील हॉटेलात होते. तिथला एक प्रसंग आजही सांगितला जातो. ऐन थंडीत हीटिंग बंद पडले आणि त्याच दिवशी ४० अमेरिकी पाहुणे येणार होते. रिट्झ यांनी जेवणाची टेबले लहान दालनात हलवली, तांब्याच्या भांड्यांत स्पिरिट पेटवले आणि विटा तापवून, कापडात गुंडाळून पाहुण्यांच्या पायाशी ठेवल्या. अशा कामांमुळे त्यांचे नाव झाले. तोट्यातील ल्युसर्नचे ‘ग्रँड हॉटेल नॅशनल’ त्यांच्याकडे सोपवण्यात आले आणि त्यांनी ते सावरले.

नवे काय केले?

शेफ ऑग्युस्त एस्कॉफिए यांच्याशी त्यांची जोडी जमली. १८८९ मध्ये उघडलेले लंडनचे ‘सॅव्हॉय’ या दोघांनी नावारूपाला आणले. १८९८ मध्ये मात्र गैरव्यवहाराच्या आरोपावरून दोघांनाही काढण्यात आले. हा वाद पुढे न्यायालयाबाहेर मिटला. त्याच वर्षी १ जून रोजी पॅरिसमध्ये ‘रिट्झ’ सुरू झाले. खोलीला स्वतंत्र बाथरूम, वीज आणि फोन देणाऱ्या सुरुवातीच्या हॉटेलांपैकी ते एक. धूळ साचू नये, भिंती धुता याव्यात, यावर त्यांचा कटाक्ष होता. दिव्याचा प्रकाश चेहऱ्यावर कसा पडतो, हे त्यांनी पत्नी मारी-लुईझ यांना बसवून तपासले होते.

मग घसरण का झाली?

बारीकसारीक गोष्ट स्वतः पाहण्याच्या स्वभावाने त्यांना वर नेले आणि त्यानेच थकवले. अनेक शहरांतील हॉटेलांचा भार ते एकाच वेळी वाहत होते. जून १९०२ मध्ये सातवे एडवर्ड यांच्या राज्याभिषेकासाठी लंडनच्या ‘कार्लटन’मध्ये जंगी तयारी झाली होती. दोनच दिवस आधी राजावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि सोहळा पुढे गेला. सगळे बेत रद्द करताना रिट्झ कोसळले. वय ५२. त्यातून ते पूर्णपणे सावरलेच नाहीत. १९०६ मध्ये लंडनचे ‘रिट्झ’ उघडले, तेव्हा ते कारभारातून जवळपास बाहेर पडले होते. १९१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

मागे काय राहिले?

पॅरिसच्या हॉटेलची धुरा पुढे मारी-लुईझ यांनी सांभाळली. ऐषारामी या अर्थाने ‘रिट्झी’ हा शब्द इंग्रजीत रुळला. १६ डिसेंबर १९०३ रोजी जमशेटजींचे ‘ताज’ मुंबईत विजेच्या दिव्यांसह उघडले. त्या वेळी आलिशान हॉटेल कसे असावे, याचा दाखला म्हणून जगापुढे पॅरिसचे ‘रिट्झ’ होते.