सेनापति जॉर्ज वॉशिंग्टन यांचें अल्प चरित्र

राज्य मिळविणारे पुरुष इतिहासांत पुष्कळ झाले. परंतु हातीं आलेली सत्ता आपण होऊन खालीं ठेवणारे फार थोडे. त्या थोड्यांपैकीं एकाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म ता. २२ फेब्रुवारी १७३२ रोजीं उत्तर अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत झाला. त्या काळीं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्लंडच्या राजाच्या अंमलाखालीं तेरा वसाहती होत्या. व्हर्जिनिया ही त्यांपैकीं एक. जॉर्ज अकरा वर्षांचे असतां त्यांचे वडील वारले, आणि मृत्युपत्राप्रमाणें त्या मुलाच्या वांट्यास जमिनीबरोबर दहा गुलामही आले. आफ्रिकेंतून धरून आणलेल्या लोकांस व त्यांच्या मुलाबाळांस गुरांप्रमाणें विकण्याची आणि वारसांत वांटून देण्याची चाल त्या देशांत होती. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडेल.

कुऱ्हाडीनें चेरीचें झाड तोडून तें बापापाशीं कबूल केल्याची जी गोष्ट मुलांच्या पुस्तकांत असते, ती त्यांच्या मरणानंतर एका चरित्रकारानें रचली, असें इतिहासकार मानितात. खरी हकीकत साधी आहे. त्यांचें शिक्षण बेताचेंच झालें. जमीन मोजण्याची विद्या शिकून सतराव्या वर्षीं ते सरकारी मोजणीदार झाले व सांखळी घेऊन रानावनांत हिंडले. पुढें फ्रेंचांशीं झालेल्या युद्धांत, १७५५ सालीं, त्यांच्या बसण्याचे दोन घोडे ठार झाले आणि चार गोळ्या अंगरख्यांतून आरपार गेल्या; ते मात्र वांचले. १७५९ सालीं मार्था नांवाच्या विधवेशीं त्यांनीं विवाह केला आणि पोटोमॅक नदीकांठीं माउंट व्हर्नन येथें ते शेती पाहूं लागले.

आतां तंट्याचें कारण सांगतों. फ्रेंचांशीं झालेल्या युद्धानें इंग्लंडास मोठें कर्ज झालें, व वसाहतींत फौज ठेवण्याचा खर्चही वाढला. म्हणून पार्लमेंटानें १७६५ सालीं वसाहतींवर स्टांपाचा कर बसविला. ज्या सभेंत आपला एकही प्रतिनिधि नाहीं तिनें आपल्यावर कर बसवूं नये, असें वसाहतींतील लोकांचें म्हणणें पडलें. तो कर रद्द झाला, पण दुसरे आले, आणि शेवटीं चहावरील कर राहिला. ता. १६ डिसेंबर १७७३ रोजीं बॉस्टन बंदरांत लोकांनीं ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या पाण्यांत टाकिल्या. पार्लमेंटानें तें बंदर बंद केलें. एप्रिल १७७५ मध्यें लढाईस तोंड लागलें, आणि जूनमध्यें फिलाडेल्फिया येथें भरलेल्या वसाहतींच्या सभेनें वॉशिंग्टन यांस सेनापति नेमिलें. त्यांनीं पगार घेतला नाहीं. झालेला खर्च तेवढा मागितला. ता. ४ जुलै १७७६ रोजीं सभेनें स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला.

जाहीरनामा निघाला खरा, पण त्याच वर्षीं न्यूयॉर्क हातचें गेलें व सैन्य मागें हटत राहिलें. नाताळच्या रात्रीं बर्फाच्या लाद्या वाहत असलेली डेलावेअर नदी ओलांडून वॉशिंग्टन यांनीं ट्रेंटन गांवीं सुमारें नऊशें भाडोत्री जर्मन शिपाई कैद केले, तेव्हां लोकांस धीर आला. पुढच्या हिंवाळ्यांत व्हॅली फोर्ज येथें सुमारें बारा हजार शिपाई लांकडी झोंपड्यांत राहिले. कित्येकांच्या पायांत जोडे नव्हते. अन्नही वेळेवर येत नसे. सुमारें दोन हजार माणसें रोगानें मेलीं. सेनापति त्यांस सोडून घरीं गेले नाहींत. देवीच्या सांथीपासून सैन्य वांचावें म्हणून त्यांनीं शिपायांस टोंचून घेण्याचा हुकूम केला; त्यांस स्वतःस एकोणिसाव्या वर्षीं देवी आल्या होत्या.

१७७८ सालीं फ्रान्सनें त्यांच्याशीं तह केला. ता. १९ ऑक्टोबर १७८१ रोजीं यॉर्कटाउन येथें वेढ्यांत सांपडून इंग्रज सेनापति लॉर्ड कॉर्नवालिस याचें सात हजारांवर सैन्य शरण आलें. हाच कॉर्नवालिस १७८६ सालीं हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला, आणि पेशवे व निजाम यांस बरोबर घेऊन टिपू सुलतानाशीं लढला. ता. ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिसच्या तहानें इंग्लंडनें अमेरिकेचें स्वातंत्र्य मान्य केलें.

परंतु खरी कसोटी तह होण्यापूर्वींच लागली. सैन्याचे पगार थकले होते. एका अंमलदारानें १७८२ सालीं वॉशिंग्टन यांनीं राजपद घ्यावें असें सुचविलें. तें त्यांनीं कडक शब्दांनीं झिडकारिलें. मार्च १७८३ मध्यें न्यूबर्ग येथील छावणींत अंमलदार सभेविरुद्ध उठण्याच्या गोष्टी बोलूं लागले. वॉशिंग्टन त्यांच्या बैठकीस गेले. एक पत्र वाचण्याकरितां त्यांनीं खिशांतून चष्मा काढिला. त्यांस चष्मा लागतो हें बहुतेकांस ठाऊक नव्हतें. देशाच्या चाकरींत आपण म्हातारे झालों व आतां दृष्टीही जात चालली, अशा अर्थाचें ते बोलले, तों कित्येकांच्या डोळ्यांस पाणी आलें, आणि बंडाचा विचार तेथेंच मोडला. ता. २३ डिसेंबर १७८३ रोजीं अनापोलिस येथें सभेपुढें आपली सनद परत करून ते नाताळाकरितां घरीं गेले.

१७८७ सालीं नवी राज्यघटना लिहिणाऱ्या परिषदेचे ते अध्यक्ष होते, आणि ता. ३० एप्रिल १७८९ रोजीं प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १७९० सालीं न्यूपोर्ट येथील यहुदी मंडळीस लिहितांना, आपापला धर्म पाळणें हा प्रत्येकाचा स्वाभाविक हक्क आहे, ती एका वर्गाची दुसऱ्यावर मेहेरबानी नव्हे, असें त्यांनीं कळविलें. दोन मुदती संपल्यावर, १७९७ सालीं, ते पुन्हां शेतावर परतले.

आतां त्या गुलामांकडे वळूं. स्वातंत्र्याकरितां आठ वर्षें लढलेल्या सेनापतीच्या शेतावर शेंकडों माणसें बंधनांत राबत होतीं. १७९६ सालीं ओना जज नांवाची गुलाम स्त्री त्यांच्या घरांतून पळाली, तेव्हां तिला परत आणण्याची खटपट त्यांनीं केली. ती परत आली नाहीं. तरी वयाबरोबर त्यांचें मन बदलत गेलें. ता. १४ डिसेंबर १७९९ रोजीं घशाच्या रोगानें ते वारले. त्या वर्षीं माउंट व्हर्नन येथें ३१७ गुलाम होते. त्यांपैकीं त्यांच्या मालकीचे १२३. पत्नीच्या पश्चात् या १२३ जणांस मुक्त करावें, असें त्यांनीं मृत्युपत्रांत लिहिलें होतें, आणि मार्थाबाईंनीं आपल्या हयातींतच, ता. १ जानेवारी १८०१ रोजीं, त्यांस मोकळें केलें. उरलेल्यांपैकीं बहुतेक मार्थाबाईंच्या पहिल्या पतीच्या मिळकतींतले होते. ते त्याच्या वारसांकडे गेले. त्यामुळें कित्येक कुटुंबांत नवरा स्वतंत्र व बायकोमुलें गुलाम, असें झालें.

त्या देशांतील गुलामगिरी चार वर्षांच्या यादवी युद्धानंतर १८६५ सालीं कायद्यानें बंद झाली. त्या कामीं अमेरिकन लोकांनीं जें सोसलें त्याच्या स्मरणार्थ जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें गुलामगिरी हें पुस्तक त्यांस अर्पण केलें, व आपल्या देशबांधवांनींही शूद्र बंधूंस दास्यांतून सोडवावें अशी इच्छा दर्शविली.

वॉशिंग्टन यांनीं राज्यपदाचा मोह दोनदां जिंकिला. पण घरच्या दासांस सोडण्याचें काम मरणानंतरवर टाकिलें. या दोन्ही गोष्टी एकाच पुरुषाच्या आहेत, म्हणून आम्ही दोन्ही सांगितल्या. स्वतःकरितां मिळविलेलें स्वातंत्र्य आपल्या दारांतील शेवटच्या माणसापर्यंत पोहोंचलें कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें जिवंतपणीं पाहावें.