डोंगरावरचे पाईप आणि जमशेटजी

आपल्या शाळेच्या व्हरांड्यातून खोपोलीच्या डोंगरावरून उतरणारे टाटांचे पाईप दिसायचे, आठवतंय? विज्ञानाच्या तासाला व्होल्टेज आणि करंटच्या व्याख्या मी घडाघडा म्हणायचे. पण दोन्हींत नेमका फरक काय, हे इंजिनीअर होऊनही मला सोप्या शब्दांत सांगता येत नव्हतं. मुलीने विचारलं तेव्हा तेच पाईप आठवले, आणि त्यांच्यामागचा माणूस.

जमशेटजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीला, पारशी पुरोहितांच्या घराण्यात झाला. १८७७ साली त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालत. कोळसा लांबून आणावा लागे आणि शहर धुराने काळवंडे. लोणावळ्याच्या पावसाचं पाणी घाटाखाली सोडून वीज करावी, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग यांनी मांडली आणि जमशेटजींनी उचलून धरली. पण १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचं निधन झालं. कामाची पायाभरणीही त्यांना पाहायला मिळाली नाही.

ते काम त्यांचे पुत्र दोराबजी यांनी पुढे नेलं. १९१० साली कंपनी स्थापन झाली, १९११ मध्ये पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला निघाली. १९२२ साली कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं केंद्रही सुरू झालं.

मुलीला मी सांगितलं, खोपोलीत पाणी ५०० मीटरहून जास्त उंचीवरून येतं. त्या उंचीमुळे येणारा दाब म्हणजे व्होल्टेज. दर सेकंदाला वाहणारं पाणी म्हणजे करंट. खालची झडप बंद केली तर पाणी थांबतं, पण दाब तसाच राहतो. दाब आणि प्रवाह दोन्ही मिळून चाक फिरतं.

मुंबईला वीज पाठवली ती सुमारे १ लाख व्होल्टवर. व्होल्टेज दसपट केलं की तेवढ्याच शक्तीला दहावा हिस्सा करंट पुरतो, आणि त्याच तारेत उष्णतेपायी वाया जाणारी वीज शंभराव्या हिश्श्यावर येते.

जमशेटजींच्या हयातीत झडप उघडली नाही, पण दाब त्यांनीच निर्माण करून ठेवला होता. मेळाव्याला मुलीला घेऊन येते आहे. आधी तिला व्हरांड्यात उभी करून ते पाईप दाखवणार आहे.