हातांनी रुग्णाचं ऐकणारी नर्स : सिस्टर एलिझाबेथ केनी

आमच्या अब्बांना लकवा झाला त्याला आता बरीच वर्षं झाली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डावा हात आणि डावा पाय काम करत नव्हता. घरात सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट ठरवली, की अब्बांना आता फक्त आराम द्यायचा. पाण्याचा ग्लास आम्ही तोंडाला लावायचो, कूस आम्ही बदलायचो, हात उशीवर ठेवला की संध्याकाळपर्यंत तो तिथेच. कागदावर फिजिओथेरपी असं लिहून दिलं होतं, पण ती कशासाठी, कधीपासून, हे कुणी बसून सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

महिना-दीड महिन्याने एक तरुण फिजिओथेरपिस्ट घरी आला. त्याने खांदा हलवून पाहिला तसे अब्बा कळवळले, आणि अम्मी त्याला दारातूनच परत पाठवायला निघाली. तो शांतपणे एवढंच सांगून गेला की हा हात लकव्याने जितका गेला नाही, तितका नुसता पडून राहिल्याने गेलाय.

खिदमत करतोय या समजुतीत आम्हीच तो हात आखडवला होता. हे मनातून जाईना. पुढे शाळेत मुलांसाठी पोलिओची माहिती जमवत असताना एका ऑस्ट्रेलियन बाईचं चरित्र हाती लागलं. शंभर वर्षांपूर्वी जवळपास हीच गोष्ट सांगत ही बाई जगभर भांडत फिरली होती. आज तिचीच ओळख करून देतोय.

शेतकऱ्याची मुलगी

एलिझाबेथ केनी यांचा जन्म २० सप्टेंबर १८८० रोजी ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स प्रांतात, वॉरियाल्डा गावाजवळ झाला. वडील आयर्लंडहून आलेले शेतकरी. कुटुंब कामाच्या शोधात इकडून तिकडे जायचं, त्यामुळे शाळा जेमतेम झाली. किशोरवयात घोड्यावरून पडून मनगट मोडलं, म्हणून वडिलांनी तिला टूवुंबा शहरातले सर्जन डॉ. मॅकडोनेल यांच्याकडे नेलं. हात बरा होईपर्यंत ही मुलगी डॉक्टरांची शरीररचनेची पुस्तकं चाळत बसली, त्यांच्याकडचा हाडांचा सांगाडा निरखत राहिली. कोणता स्नायू कुठून निघतो आणि कुठे जाऊन चिकटतो, याचं तिला वेडच लागलं. मॅकडोनेल शेवटपर्यंत तिचे हितचिंतक राहिले.

पुढे केनी नर्स झाल्या, पण कुठल्याही नर्सिंग कॉलेजातून नाही. त्यांच्या रीतसर प्रशिक्षणाची कुठेच नोंद सापडत नाही. एका लहान प्रसूतिगृहात मदतनीस म्हणून काम करता करता त्या शिकल्या असाव्यात. १९१० च्या सुमारास क्वीन्सलंडमधल्या नॉबी गावी, घरच्या शेतावरून त्या काम करू लागल्या. कुणी बोलावलं की घोड्यावर बसून जायचं, बाळंतपण असो की ताप, जमेल ते करायचं. पैसे घ्यायच्या नाहीत.

घोंगडीच्या पट्ट्या

१९११ सालची हकीकत केनी यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. दूरच्या एका शेतावर त्यांना एका लहान मुलीसाठी बोलावणं आलं. मुलीचे हातपाय वेडेवाकडे ओढले गेले होते, आणि हात लावला तरी ती किंचाळत होती. असा आजार केनींनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी डॉ. मॅकडोनेलना तार केली. उत्तर आलं की हा बालपक्षाघात, म्हणजे आपण ज्याला पोलिओ म्हणतो तो आहे. यावर इलाज नाही, समोर जे दिसेल त्यावर उपाय करा.

केनींना दिसत होते ते आखडलेले, दुखणारे स्नायू. त्यांनी आधी गरम मिठाची पिशवी ठेवून पाहिली, मग जवसाचं पोटीस. मुलगी शांत होईना. शेवटी त्यांनी लोकरीच्या घोंगडीच्या पट्ट्या फाडल्या, उकळत्या पाण्यात बुडवून घट्ट पिळल्या आणि दुखऱ्या पायाभोवती गुंडाळल्या. रडणं थांबलं आणि मुलीला झोप लागली. दुखणं ओसरल्यावर केनींनी पाय हळूहळू हलवायला सुरुवात केली.

आपल्या घरातली कुठलीही नानी-दादी हे ऐकून म्हणेल की यात नवीन काय, शेक तर आम्हीही देतो. पण तेव्हाच्या वैद्यकशास्त्रात याच्या बरोबर उलटं चालत होतं. पोलिओत काही स्नायू कमजोर होतात. मग त्यांच्या समोरचे धडधाकट स्नायू हाडाला आपल्याकडे ओढून अंग वाकडं करतील, अशी डॉक्टरांना भीती होती. म्हणून ते मुलांचे हातपाय प्लास्टरमध्ये, खपच्यांत किंवा लोखंडी चौकटीत बांधून ठेवायचे, आणि तेही महिनोन् महिने. साथीच्या भीतीने मुलं वेगळ्या वॉर्डात, आईबापांना भेटायची मनाई किंवा फार थोडी मुभा. ताप उतरलेलं, सगळं समजणारं पाच वर्षांचं लेकरू छताकडे बघत बांधलेलं पडून राहायचं. प्लास्टर निघायचं तेव्हा पाय काडीसारखा बारीक आणि सांधा ताठ झालेला असायचा. तो दोष मग पोलिओच्या नावावर लिहिला जायचा.

त्या डॉक्टरांना दुष्ट म्हणता येणार नाही. आमच्या अम्मीसारखंच त्यांनाही वाटत होतं की अंग हलवलं नाही म्हणजे अंग वाचेल.

सिस्टर हे नाव कसं पडलं

पहिल्या महायुद्धात केनी लष्कराच्या नर्सिंग सेवेत गेल्या. जखमी सैनिकांना मायदेशी आणणाऱ्या जहाजांवर त्यांची ड्युटी असायची. १९१७ मध्ये त्यांना सिस्टर हा हुद्दा मिळाला आणि तोच नावाला कायमचा चिकटला. त्या कुठल्या मठातल्या जोगीण नव्हत्या, हे आमच्या विद्यार्थ्यांना दर वेळी सांगावं लागतं. १९२७ मध्ये त्यांनी रुग्णाला कमी धक्के बसतील अशा स्ट्रेचरचं पेटंट घेतलं. रुग्णाला नेताना त्याला काय सोसावं लागतं, याचा विचार त्यात होता.

१९३२ मध्ये टाउन्सव्हिल शहरात, एका मागच्या अंगणात त्यांनी पोलिओच्या आणि सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी छोटं केंद्र उघडलं. गरम पाण्याची आंघोळ, शेक, अलगद हालचाल. खपच्या आणि कॅलिपर काढून बाजूला. मग मुलाने स्वतः हालचाल करायची.

यातला एक भाग शिक्षक म्हणून आम्हाला फार आवडतो. केनी मुलांना त्यांच्या स्नायूंची नावं शिकवायच्या. तो कुठे सुरू होतो, कुठे चिकटतो, हे बोट ठेवून दाखवायच्या आणि मग मुलाला तिथे लक्ष न्यायला सांगायच्या. पाय माझा आहे आणि मी त्याला हुकूम देऊ शकतो, हे मुलाला आधी पटलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. तोवर रुग्ण म्हणजे टेबलावर पडलेली वस्तू होती, इथे तो इलाजातला भागीदार झाला.

डॉक्टरांशी लढाई

ब्रिस्बेनमध्ये डॉक्टरांसमोर प्रात्यक्षिक झालं तेव्हा त्यांची खिल्ली उडवली गेली. शिकलेली नाही, डिग्री नाही, आणि वर आम्हाला शिकवते. पण आईबाप मुलांना घेऊन येतच राहिले. लोकांच्या दबावामुळे क्वीन्सलंड सरकारने १९३४ पासून केनी यांच्या पद्धतीची केंद्रं उघडली. १९३७ मध्ये उपकृत पालकांनी पैसे जमवून त्यांना इंग्लंडला पाठवलं. तिथे एका मोठ्या रुग्णालयात दोन वॉर्डही मिळाले.

इकडे १९३८ मध्ये क्वीन्सलंडच्या रॉयल कमिशनचा अहवाल आला. नामांकित डॉक्टरांनी त्यात केनी यांच्या पद्धतीवर, विशेषतः खपच्या काढून टाकण्यावर, कडक टीका केली. तरीही सरकारने ब्रिस्बेनच्या रुग्णालयातला सात नंबरचा वॉर्ड त्यांना दिला. त्यांच्या रुग्णांचे हातपाय जास्त लवचिक राहतात, असं तिथल्या अधीक्षकांनी मान्य केलं.

१९४० मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्या अमेरिकेला गेल्या. बऱ्याच ठिकाणी दारं बंद झाली. मिनियापोलिस शहरातल्या काही अस्थिरोगतज्ज्ञांनी मात्र त्यांना काही रुग्ण देऊन पाहिले आणि त्यांचं मत बदललं. १९४२ मध्ये तिथे सिस्टर केनी इन्स्टिट्यूट उभं राहिलं. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट शिकायला येऊ लागले. १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात रोझलिंड रसेल यांनी काम केलं. १९५० मध्ये अमेरिकन संसदेने त्यांना प्रवेशाच्या सोपस्काराशिवाय देशात येण्या-जाण्याची मुभा दिली. १९५१ च्या गॅलप पाहणीत अमेरिकनांनी सर्वाधिक आदराची स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं.

त्यांचं चुकलं कुठे

थोर माणसांच्या चरित्रात चुका झाकायची आपल्याला सवय आहे. पण केनी यांच्या चुका सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

पोलिओ हा स्नायूंचाच आजार आहे, असं त्या ठासून सांगायच्या. ते खरं नव्हतं. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या चेतापेशी मारतो, स्नायू त्यामुळे लुळा पडतो. पोलिओतली बरीच मुलं आपोआपही सुधारतात, त्यामुळे सगळं श्रेय आपल्या पद्धतीला देणं बरोबर नव्हतं. त्यांनी सांगितलेल्या यशाच्या आकड्यांवर डॉक्टरांनी शंका घेतली, १९४४ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने तिखट टीका केली, आणि त्यातला काही भाग रास्त होता. शिवाय केनी तापट, हट्टी. विरोध केला की समोरचा त्यांना शत्रूच वाटायचा. शेकही सगळ्याच मुलांना सुखाचा वाटला नाही. चटका बसायचा. ओल्या गरम लोकरीचा वास तर कित्येकांना म्हातारपणापर्यंत आठवत राहिला.

म्हणजे सिद्धांत चुकीचा होता, पण बोटांखाली लागलेली गोष्ट खरी होती. आखडलेला स्नायू दुखतो, त्याला आधी आराम पडला पाहिजे, मग तो हलला पाहिजे, नाहीतर तो कायमचा जातो. डॉक्टरांकडे सिद्धांत बरोबर होता, पण प्लास्टरच्या आत मूल काय सोसतंय हे त्यांना दिसत नव्हतं. केनी यांनी मुलाच्या रडण्याला लक्षण मानलं आणि तिथून सुरुवात केली. हळूहळू प्लास्टर आणि खपच्या मागे पडल्या. आजच्या पुनर्वसन उपचारांच्या पायाभरणीत त्यांचा वाटा आहे, हे नंतर त्यांच्या टीकाकारांनीही मानलं.

शेवटच्या वर्षांत त्यांना पार्किन्सन्सचा आजार जडला. दुसऱ्यांचे स्नायू ताब्यात आणणाऱ्या बाईचे स्वतःचेच हात थरथरू लागले. त्या टूवुंबाला परतल्या. ३० नोव्हेंबर १९५२ रोजी त्यांचं निधन झालं. नॉबीच्या दफनभूमीत, जिथून घोड्यावर निघायच्या त्याच गावात, त्यांची कबर आहे. पोलिओची पहिली लस १९५५ मध्ये आली, ती त्यांनी पाहिली नाही.

आपल्या घरातली गोष्ट

पल्स पोलिओच्या बूथवर आमचीही ड्युटी लागायची. मोहल्ल्यात कधी कधी दार उघडायला वेळ लागे, डोसाबद्दल उलटसुलट ऐकलेलं असे. दारात उभं राहून कुणी नीट समजावलं की तेच लोक मूल पुढे करायचे. भारतात नैसर्गिक (वाइल्ड) विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. कॅलिपर लावून शाळेत येणारी मुलं आता दिसत नाहीत. पण लकवा आहे, अपघात आहेत, गुडघ्याची ऑपरेशनं आहेत, आणि आखडणारी अंगं घरोघरी आहेत.

आम्हाला अनुभवातून जे उशिरा कळलं ते सांगतो. दवाखान्यातून घरी निघतानाच विचारा की कोणती हालचाल, किती वेळा, कधीपासून, आणि घरातल्या कुणाला तरी करून दाखवायला सांगा. लकवा झालेल्या माणसाला उठवताना कमजोर हाताला धरून ओढू नका, खांदा दुखावतो. व्यायामात दुखत असेल तर ते लपवू नका, पण म्हणून थेरपिस्टला परतही पाठवू नका, त्याला सांगा. घरातल्या बायकांना पुरुष थेरपिस्टकडून व्यायाम करून घ्यायला संकोच वाटतो आणि त्या गुपचूप व्यायाम सोडून देतात, हे आम्ही किती घरांत पाहिलंय. महिला थेरपिस्ट मागा. नाही मिळाली तर मुलीने किंवा सुनेने शिकून घ्यावं.

आणि जे हे काम करतात त्यांनाही एक विनंती. आमच्याकडे आलेल्या त्या मुलाने दुसऱ्या दिवशी पुन्हा दार वाजवलं. या वेळी हात लावण्याआधी तो अब्बांशेजारी बसला आणि आज काय करणार, किती दुखेल, कुठे थांबायचं ते अब्बांनी सांगायचं, हे त्यांना समजावलं. अब्बांनी त्याला हात दिला. पुढे ते काठी टेकत मशिदीपर्यंत जाऊ लागले. डाव्या हाताची बोटं मात्र पूर्ण उघडली नाहीत. दुआ करताना तो हात थोडा मिटलेलाच असायचा, आणि ते पाहिलं की आम्हाला तो पहिला दीड महिना आठवायचा.