देवनागरी खिळ्यांचे शिल्पकार : जावजी दादाजी

नांदेड, (प्रतिनिधी) : नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत फेरफटका मारला, की दुकानांच्या पाट्यांवरील जाड, गोलसर देवनागरी अक्षरे लांबूनच नजरेत भरतात. अशा वळणाचा, मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने घडविलेला 'बलू' हा टंक आज संगणकावर विनामूल्य मिळतो. मात्र एके काळी यातील एकेक अक्षर पोलादात हाताने कोरावे लागे. त्या काळात मराठी अक्षराला सौष्ठव देण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत जावजी दादाजी चौधरी यांचे नाव अग्रभागी आहे.

जावजींचा जन्म १८३९ साली झाला. घरची परिस्थिती अत्यंत गरिबीची. लहान वयातच ते मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपये पगारावर खिळे घासण्याच्या कामाला लागले. तेथे टॉमस ग्रॅहॅम यांच्या देखरेखीखाली देवनागरी टाइप तयार होत असे. शाळेत फारसे न शिकलेल्या या मुलाने अक्षराची ओळख करून घेतली ती अशी, बोटांनी.

हे काम मोठे चिकाटीचे होते. आधी पोलादी ठसा कोरायचा, तो तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि त्यात शिशाचा रस ओतून खिळा पाडायचा. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीला शेकडो खिळे लागत. एखाद्याची उंची किंचित चुकली, तरी सारी ओळ बिघडे.

अन्य छापखान्यांत अनुभव घेऊन जावजींनी १८६४ साली स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला. कुशल अक्षरकार राणोजी रावजी आरू यांची त्यांना मोलाची साथ लाभली. १८६९ साली 'निर्णयसागर' छापखाना सुरू झाला. या छापखान्याचे पंचांग घरोघरी पोहोचले. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' हे मुलांचे मासिक १८८१ पासून येथूनच निघू लागले. १८८६ साली 'काव्यमाला' सुरू होऊन दुर्मिळ संस्कृत ग्रंथ शुद्ध स्वरूपात अभ्यासकांच्या हाती आले. निर्णयसागरची सुबक छपाई आणि निर्दोष मुद्रण यांचा लौकिक देशभर पसरला.

५ एप्रिल १८९२ रोजी जावजींचे निधन झाले. पुढे त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी हा वारसा सांभाळला.

शिशाचे खिळे आता इतिहासजमा झाले आहेत. पाटी रंगविणारे हातही दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत. पाटीवरचे अक्षर सारेच वाचतात. ते घडविणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते. दोन रुपयांवर खिळे घासणाऱ्या त्या मुलाचे स्मरण म्हणूनच अगत्याचे ठरते.