ऑग्यूस्त एस्कॉफिये

मुलांनो, रविवारी दुपारी तळेगाव दाभाडे स्टेशनजवळच्या एखाद्या हॉटेलात तुम्ही कधी तरी जेवायला गेला असाल. मुंबई-पुणे रस्त्याचे प्रवासी, कारखान्यांतील कामगार, गावातील कुटुंबे यांची तेथे गर्दी उसळलेली असते. तरीही तुमची दाल शेजारच्या टेबलावर सहसा जात नाही. असे कसे होते? जरा भटारखान्यात डोकावून पाहा. वेटर मागणीची चिठ्ठी आत देतो. मुख्य आचारी ती मोठ्याने वाचतो. तंदूरवाला रोटी लावतो, दुसरा कढई चढवतो, तिसरा भात वाढतो. चिठ्ठीची एक प्रत गल्ल्यावर जाते. काही हॉटेलांत आता ही चिठ्ठी यंत्रातून छापून येते, पण रीत तीच आहे. ही रीत पक्की करणाऱ्या एका फ्रेंच आचाऱ्याची ही गोष्ट आहे.

ऑग्यूस्त एस्कॉफिये याचा जन्म २८ ऑक्टोबर १८४६ रोजी फ्रान्समधील विल्नव-लुबे या खेड्यात झाला. वडील लोहार होते. मुलाला मूर्तिकार व्हायचे होते. परंतु तो सुमारे तेरा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला नीस शहरी काकांच्या खाणावळीत कामाला लावले. त्या काळचा भटारखाना म्हणजे धूर, आग, आरडाओरडा आणि शिवीगाळ. ऑग्यूस्त ठेंगणा होता. भट्टीची धग थेट तोंडावर येई. म्हणून तो उंच टाचांचे बूट घालू लागला! काम मनाविरुद्ध होते, तरी त्याने ते मन लावून शिकून घेतले.

पुढे ते पॅरिसला गेले. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले. एस्कॉफिये सैन्याचे आचारी झाले. मेत्झ शहराला शत्रूने वेढा घातला. अन्न संपत आले, तेव्हा घोड्याचे मांस शिजवून अधिकाऱ्यांना वाढावे लागले. आहे त्या जिन्नसांत, ठरल्या वेळी, ठरल्या माणसांना जेवण देणे म्हणजे काय, हे त्यांनी तेथे पाहिले. शेवटी शहर पडले आणि ते युद्धकैदी झाले.

१८९० मध्ये सेझार रिट्झ या हॉटेलचालकाबरोबर ते लंडनच्या सव्हॉय हॉटेलात आले. तेथे प्रत्येक पाहुणा निराळा पदार्थ मागे, आणि सर्वांनाच घाई असे. जुन्या पद्धतीत एक पदार्थ बहुधा एकच आचारी आरंभापासून शेवटापर्यंत करी. अंडी, भाजलेले मांस आणि रस्सा असा एकत्र पदार्थ करायला एका माणसाला पाव तास लागे. एस्कॉफिये यांनी कामाची वाटणी केली. अंडी एकाने करायची, मांस दुसऱ्याने भाजायचे, रस्सा तिसऱ्याने द्यायचा. तिघे एकाच वेळी कामाला लागले, की तेच ताट काही मिनिटांत तयार होई.

पण यात एक धोका होता, तो नीट समजून घ्या. तिघांपैकी एकाला जरी मागणी ऐकू आली नाही, तरी ताट अडते. म्हणून मागणी पुकारण्यासाठी एक माणूस नेमलेला असे. त्याला फ्रेंचमध्ये भुंकणारा म्हणत. एस्कॉफिये यांनी ते नाव बदलून त्याला निवेदक म्हटले. त्याने स्पष्ट आवाजात पुकारायचे आणि बाकीच्यांनी शांत राहून ऐकायचे. शिवीगाळ बंद झाली, कामावर दारू पिणे बंद झाले. तहान लागली तर जवाचे पाणी ठेवलेले असे. मागणीची चिठ्ठी तीन प्रतींत लिहिली जाऊ लागली : एक भटारखान्यात, एक गल्ल्यावर, एक वेटरकडे. ताट कोणाचे, पैसे किती, याबद्दल वाद उरला नाही.

आपल्या मावळातील कित्येक माणसे मुंबईत डबे पोचवण्याचे काम करत आली आहेत. झाकणावरील रंग, अक्षरे आणि आकडे पाहून ती डबा ओळखतात. तेथेही भरवसा खुणेवरच असतो, नुसत्या आठवणीवर नाही.

एस्कॉफिये यांच्या चरित्रातील एक काळी बाजू मी तुमच्यापासून लपवणार नाही. १८९८ मध्ये सव्हॉय हॉटेलाने त्यांना आणि रिट्झ यांना कामावरून काढून टाकले. माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांकडून एस्कॉफिये दलाली घेत होते. १९०० मध्ये त्यांनी तशी लेखी कबुली दिली. जगाला ती कळायला सुमारे ऐंशी वर्षे लागली. चिठ्ठीचिठ्ठीचा हिशेब ठेवायला शिकवणाऱ्या माणसाने असे का करावे? मला याचे नवल वाटते आणि वाईटही. याच माणसाने सव्हॉयमधील उरलेले चांगले अन्न गरीब वृद्धांना सांभाळणाऱ्या भगिनींकडे पाठवले होते.

पुढे लंडनच्याच कार्लटन हॉटेलात त्यांनी आपली पद्धत पूर्णत्वास नेली. १९०३ मध्ये त्यांचा पाककलेवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आचारी मंडळी तो आजही अभ्यासतात. १२ फेब्रुवारी १९३५ रोजी मोंटे कार्लो येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नीचे निधन काही दिवसच आधी झाले होते. विल्नव-लुबे येथील त्यांच्या जन्मघरात १९६६ मध्ये पाककलेचे संग्रहालय उघडण्यात आले.