कातड्याच्या कारखान्यातले ओटो र्‍योम

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातले कातडी कमावणारे कारखाने कुत्र्यांची विष्ठा विकत घेत. चुन्यात भिजवून केस काढलेले कातडे मऊ व्हावे म्हणून ते विष्ठा कालवलेल्या कोमट पाण्यात ठेवत. कामगारांचे हात त्यातच. शिवाय वेळेचा अंदाज चुकला की कातडे सडायचे.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो र्‍योम (जन्म १८७६) यांनी या किळसवाण्या कामाला पर्याय शोधायला घेतला. मऊपणा अमोनिया आणि क्षारांमुळे येत असावा, असे त्यांना आधी वाटले. पण तसे मिश्रण पुरे पडले नाही. खरे काम विष्ठेतली, प्रथिने तोडणारी एन्झाइम, म्हणजे विकरे, करत होती. मग त्यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातली विकरे वापरून १९०७ मध्ये ‘ओरोपॉन’ तयार केले आणि मित्र ओटो हास यांच्यासह कंपनी काढली. पुढे कपडे धुण्यासाठी विकरयुक्त ‘बर्नस’ आणले. प्लेक्सिग्लासही याच कंपनीचे!

केसांचे कोडे मात्र अवघड होते. केसातले केराटिन गंधकाच्या बंधांनी घट्ट बांधलेले असते; साधी विकरे त्यापुढे हात टेकतात. १९३९ मध्ये र्‍योम वारले, तेव्हाही केस काढायला मुख्यतः चुना आणि सोडियम सल्फाइडच वापरत. त्याचे सांडपाणी विषारी. आता कोंबड्यांच्या पिसांच्या कचऱ्यात सापडणाऱ्या बॅसिलस लायकेनिफॉर्मिस या जिवाणूचे केराटिनेज विकर त्या कामी आजमावले जात आहे.